माती घडवणाऱ्याची की सातबाऱ्याची?

जानेवारी महिना आपल्या चळवळीत स्मरणाचा महिना असतो. १ तारखेला आपण भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देतो, ३ तारखेला सावित्रीमाईंची जयंती साजरी करतो. त्यानंतर दोनच दिवसांनी, ५ जानेवारीला, आणखी एका माणसाचा स्मृतिदिन येतो. तो मात्र आपल्याकडे कोणी पाळत नाही. गुलाम आईच्या पोटी जन्मलेला आणि पुढे जगभर गाजलेला कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १९४३ साली याच दिवशी अमेरिकेतील अलाबामा राज्यात, टस्कीगी येथे मरण पावला.

हे नाव मराठी घरांना परके नाही. वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' हे पुस्तक १९८१ साली आले आणि तेव्हापासून शाळेच्या बक्षीस समारंभांत, वाचनालयांत, वसतिगृहांत ते फिरते आहे. आमच्या पिढीतील अनेकांनी ते शाळेत असतानाच वाचले. परंतु बहुतेकांच्या लक्षात राहिला तो शेंगदाण्यापासून शेकडो वस्तू बनवणारा जादूगार. आम्हाला आज सांगायचा आहे तो दुसरा कार्व्हर. मेलेली माती पालापाचोळ्याने जिवंत करणारा, आणि ती माती ज्यांच्या नावावर कधीच नव्हती त्या माणसांच्या दारात जाऊन हे शिकवणारा. त्याच्या आयुष्यात एक प्रश्न दडलेला आहे. तो प्रश्न आजही आपल्या वस्त्यांत, आपल्या गायरानांत उभा आहे.

कार्व्हरची जन्मतारीख कोणालाही ठाऊक नाही. १८६४ च्या सुमारास, मिसुरी राज्यातील डायमंड ग्रोव्ह या गावी मोझेस कार्व्हर नावाच्या गोऱ्या शेतकऱ्याच्या शेतावर त्याचा जन्म झाला, एवढेच सांगता येते. गुलामाच्या पोराच्या जन्माची नोंद कोण ठेवणार? पण त्याच्या आईच्या खरेदीची नोंद आहे. मेरी नावाची ती मुलगी १८५५ साली ७०० डॉलरला विकत घेतली गेली, त्याचे खरेदीखत झाले, त्यावर तारीख आहे. वकिली करणाऱ्या माणसाला ही गोष्ट विसरता येत नाही. मालमत्तेचा दस्त सापडतो, माणसाचा सापडत नाही.

अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. लुटारूंच्या टोळीने एका रात्री मेरीला आणि तिच्या तान्ह्या बाळाला पळवून नेले. मोझेस कार्व्हरने एका माणसाला शोधायला पाठवले. तो बाळ घेऊन आला, आई मिळाली नाही. बाळ परत आणण्याच्या मोबदल्यात त्या माणसाला एक घोडा मिळाला. आई पुढेही कधी सापडली नाही. बाप त्याआधीच अपघातात गेला होता. जॉर्ज आणि त्याचा थोरला भाऊ जिम यांना मोझेस आणि सुसान या जोडप्याने वाढवले. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली, पण आडनाव मालकाचेच राहिले.

पोर नाजूक होते, सारखे आजारी. शेतातली जड कामे त्याला झेपत नसत, म्हणून ते घरात राहिले. स्वयंपाक, कपडे धुणे, शिवणे, विणणे हे सारे तो सुसानबाईंकडे शिकला. उरलेला वेळ रानात. झुडपांच्या आड त्याने स्वतःची छोटीशी बाग केली होती आणि ती लपवून ठेवली होती, कारण फुलझाडांमागे वेळ घालवणे हा काळ्या पोराला परवडणारा छंद नव्हे असे लोकांना वाटे. मरायला टेकलेली झाडे तो तिथे नेऊन जगवी. पुढे शेजारच्या बाया आपापली रोपे त्याच्याकडे आणू लागल्या. झाडांचा डॉक्टर असे त्याला लोक म्हणत.

झाडांना बरे करणाऱ्या या पोराला गावच्या शाळेत मात्र प्रवेश नव्हता. शाळा गोऱ्यांची होती. दहा-बारा वर्षांचा असताना तो घर सोडून सुमारे आठ मैलांवरच्या निओशो गावी गेला. तिथे काळ्या मुलांसाठी शाळा होती. मरिया वॉटकिन्स नावाच्या एका काळ्या बाईने त्याला आसरा दिला. ती सुईणपण करी, लोकांचे कपडे धुई आणि औषधी वनस्पती जाणत असे. जे शिकशील ते आपल्या लोकांना परत दे, ही शिकवण तिने त्याला दिली. चळवळीत आपण समाजाचे ऋण म्हणतो ते हेच.

त्यानंतरची दहा-बारा वर्षे वणवणीची. १८७९ साली कॅन्सस राज्यातील फोर्ट स्कॉट येथे जमावाने एका काळ्या माणसाला तुरुंगातून ओढून काढले, ठार मारले आणि जाळले. ते या पोराने पाहिले. त्याने ते गाव लगेच सोडले, पण ते दृश्य त्याला जन्मभर सोडून गेले नाही. दुसऱ्यांचे कपडे धुऊन, स्वयंपाक करून त्याने माध्यमिक शिक्षण पुरे केले. मग हायलँड येथील कॉलेजात अर्ज केला. पत्राने प्रवेश मिळाला. तो सामान घेऊन दारात उभा राहिला तेव्हा त्याचा रंग दिसला आणि प्रवेश रद्द झाला. आपल्या वाचकांना यावर भाष्य करून सांगण्याची गरज नाही. नाव वाचून हो आणि जात कळताच नाही, हा अनुभव आपल्याकडे भाड्याच्या घरापासून नोकरीपर्यंत किती जणांनी घेतला आहे!

१८८६ साली कॅन्ससच्या ओसाड गवताळ प्रदेशात त्याने सरकारी जमिनीचा दावा केला. लाकूड नव्हते, म्हणून गवताची मुळे धरून ठेवलेल्या मातीची ढेकळे कापून त्यांचे घर रचले आणि १७ एकर नांगरले. पण दुष्काळी मुलूख, हाती भांडवल नाही. दोन-तीन वर्षांत ते सोडावे लागले.

शेवटी आयोवा राज्यातील सिम्पसन कॉलेजने १८९० साली त्याला घेतले. तो चित्रकला शिकत होता आणि पोटासाठी इतर विद्यार्थ्यांचे कपडे धूत होता. त्याची चित्रे चांगली होती. एक चित्र १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात लागले आणि वाखाणले गेले. परंतु काळ्या माणसाला चित्रांवर पोट भरता येईल काय, ही चिंता त्याच्या शिक्षिका एट्टा बड यांना वाटली. त्यांचे वडील एम्सच्या कृषी महाविद्यालयात प्राध्यापक होते. त्यांनी जॉर्जला तिकडे धाडले. १८९१ साली तो त्या महाविद्यालयातील पहिला काळा विद्यार्थी ठरला. सुरुवातीला त्याला इतर विद्यार्थ्यांच्या पंगतीत बसू दिले नाही, तळघरात गडीमाणसांबरोबर जेवायला बसवले. त्याच महाविद्यालयातून तो १८९४ साली पदवीधर झाला, १८९६ साली त्याने पदव्युत्तर पदवी घेतली आणि तिथेच अध्यापकही झाला. वनस्पतींवरील बुरशी हा त्याचा अभ्यासाचा विषय. तिथेच राहिला असता तर सुखाची नोकरी आणि नावलौकिक दोन्ही मिळाले असते.

१८९६ साली अलाबामातून पत्र आले. पत्र लिहिणारे बुकर टी. वॉशिंग्टन स्वतः गुलाम म्हणून जन्मले होते. १८८१ साली त्यांनी टस्कीगी येथे काळ्यांसाठी शाळा काढली होती आणि तिला शेतकी विभाग हवा होता. कार्व्हर गेले. जे गेले ते मरेपर्यंत, ४७ वर्षे, तिथेच राहिले.

टस्कीगी ज्या मेकन परगण्यात आहे तिथली माती पाहून ते हबकले असणार. वर्षानुवर्षे कापूस, कापूस आणि कापूस. दोन ओळींत गवताची काडी ठेवायची नाही, पीक निघाले की रान उघडे. पावसाने वरची माती धुऊन नेलेली, जागोजाग ओघळी आणि घळी पडलेल्या, खाली उरलेली वाळू आणि चिकण. पण कापूसच का लावत होते लोक? त्यांना अक्कल नव्हती म्हणून? नाही. गुलामगिरी गेली होती, जमीन मात्र जुन्या मालकांकडेच राहिली होती. काळी कुटुंबे तीच जमीन बटईने कसत. बियाणे, अवजारे, खाणे हे सारे दुकानदाराकडून उधारीवर. उधारीला तारण उभे पीक. दुकानदार तारण धरी ते फक्त कापसाला, कारण कापसाचा पैसा होतो. म्हणून कापूस झोपडीच्या उंबऱ्यापर्यंत लावला जाई, परसात भाजीचा वाफा करायलाही जागा उरत नसे. खाणे म्हणजे खारवलेली चरबी, मक्याचे पीठ आणि काकवी. असल्या आहाराने पेलाग्रा नावाचा रोग दक्षिणेत पसरला. माती उपाशी आणि माणूसही उपाशी, आणि दोघांच्या उपासमारीचे कारण एकच.

हे कारण ओळखणारा कार्व्हर प्रयोगशाळेत बसून काय करणार होता? मुळात प्रयोगशाळाच नव्हती. विद्यार्थ्यांना घेऊन ते गावातल्या कचऱ्याच्या ढिगांवर गेले आणि बाटल्या, डबे, मोडकी भांडी, तारा गोळा करून त्यांनी प्रयोगाची साधने बनवली. १८९७ साली राज्याच्या कायद्याने टस्कीगीला प्रयोग केंद्र मिळाले, वर्षाला १,५०० डॉलर. त्या काळी केंद्र सरकार शेती संशोधनासाठी दर राज्याला वर्षाला १५,००० डॉलर देत असे आणि अलाबामातील तो पैसा ऑबर्नच्या गोऱ्यांच्या संस्थेकडे जाई. हा हिशेब आपण नीट पाहिला पाहिजे. गुणवत्तेच्या गप्पा मारणारे नेहमी आधी साधने वाटून घेतात आणि मग स्पर्धा जाहीर करतात.

कार्व्हर यांच्या वाट्याला आलेली दहा एकर जमीन घळींनी फाटलेली होती. विकत घ्यायच्या खताच्या जोरावर ती सुधारून दाखवणे सोपे होते, पण ज्याच्याकडे दमडी नाही त्या बटईदाराला त्याचा काय उपयोग? म्हणून त्यांनी एक शिस्त ठेवली. सर्वांत गरीब माणसाला जे फुकट मिळते त्यावर भर द्यायचा. घळी भरायच्या होत्या. त्यांत त्यांनी पाइनचे शेंडे, गवत, साली, कापसाच्या जुन्या पळकाट्या, पाला असा जो कचरा कुजून माती होईल तो टाकला. पाणी अडले, गाळ धरला, घळी भरत आल्या. उतारावर पाणी सावकाश जाईल अशी बांधबंदिस्ती केली. मग चवळी लावली. चवळीच्या मुळांवर गाठी असतात. त्या गाठींतले सूक्ष्म जीव हवेतला नत्र पकडून रोपाला देतात. ते पीक मातीत गाडले की तो नत्र पुढच्या पिकाला मिळतो. आपल्याकडे ताग आणि धैंचा गाडून हिरवळीचे खत करतात, तेच तत्त्व. चवळी, रताळी, भुईमूग यांची फेरपालट ठेवून मगच कापूस. १९०५ साली खंगलेली जमीन कशी सुधारावी यावर त्यांनी एक पत्रक काढले. भाषा साधी, मोजमापे गाडी आणि खोऱ्याची.

त्यांची घरगुती खताची रीत आजही कोणाला करता येईल. लाकडी दांड्यांचे एक कुंपण उभे करायचे. त्यात रानातला पाला आणि पाणथळ जागेतला कुजका काळा गाळ यांच्या दोन गाड्या पसरायच्या, त्यावर गोठ्यातल्या खताची एक गाडी. पुन्हा दोन, पुन्हा एक, असे भरेपर्यंत. वर ओबडधोबड छप्पर करायचे, म्हणजे पावसाने सत्त्व वाहून जात नाही. हिवाळाभर तसेच ठेवायचे, वसंतात शेतात घालायचे. यामागे शास्त्र आहे. कोरडा पाला एकटा कुजायला फार वेळ घेतो, शेण एकटे असले तर त्यातला नत्र उडून जातो. दोन्ही मिळाले, ओल आणि हवा बेताची राहिली की मातीतले जीव कामाला लागतात. आणि असे खत नुसते अन्न देत नाही, ते मातीला पाणी धरायला शिकवते. वाळूसारखी माती ओलावा धरू लागते, चिकण माती मोकळी होते. पोत्यातले खत हे काम करीत नाही. दक्षिणेतला शेतकरी खतावर पैसे घालवतो आणि निसर्गाचे उत्तम खत त्याच्या बांधाला कुजून वाया जाते, हे कार्व्हर आयुष्यभर सांगत राहिले. आणि त्या खताचा पहिला मान घराजवळच्या वाफ्याला असावा, असा त्यांचा आग्रह होता. उंबऱ्यापर्यंतचा कापूस मागे हटवा, तिथे भाजी लावा, म्हणजे दुकानदाराच्या वहीत तेवढे कमी लिहिले जाईल.

इथे आम्हाला आपल्याकडचे काही बोलायचे आहे. कुजण्यातून सुपीकता येते हे या देशाला ठाऊक नव्हते असे नाही. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात अशी म्हण आपल्याकडे आहे. मैल्याच्या खताला तर आपण सोनखत म्हणतो. पण उकिरडा झाडणाऱ्याचे पांग बारा काय, बाराशे वर्षांतही फिटले नाहीत. मैला सोन्याचा झाला, तो वाहणारा माणूस विटाळाचा राहिला. मेलेले जनावर ओढणाऱ्याने गाव निरोगी ठेवला आणि त्याच कामाच्या नावाखाली त्याला गावाबाहेर ठेवले. मैला वाहण्याची प्रथा बंद करणारा कायदा १९९३ साली करावा लागला, तो पुरला नाही म्हणून २०१३ साली पुन्हा करावा लागला. म्हणून आज शहरातले सुखवस्तू लोक गच्चीवर खताचे डबे ठेवून मातीच्या प्रेमाची भाषा बोलतात तेव्हा आम्हाला ती चुकीची वाटत नाही, अपुरी वाटते. कचऱ्याची माती करणे हे पवित्र काम असेल तर ते पिढ्यान्पिढ्या करणाऱ्यांची माफी आधी मागायला हवी. आणि आपल्या तरुणांनाही सांगायला हवे की लादलेले काम नाकारणे वेगळे आणि मातीचे ज्ञान नाकारणे वेगळे. पहिले बाबासाहेबांनी शिकवले. दुसरे त्यांनी कधीच सांगितले नाही.

महात्मा फुले यांनीही मातीचा हा विचार केला होता. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला, तेव्हा कार्व्हर जेमतेम नऊ-दहा वर्षांचे होते. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये डोंगरावरचा कुजका पाला आणि जनावरांचे खत पावसाबरोबर वाहून शेतांना कसे मिळत असे, जंगल खात्याने ते कसे तोडले, ताली-बंधारे घालून माती कशी राखावी, हे जोतीरावांनी सविस्तर मांडले आहे. कार्व्हर टस्कीगीला पोहोचण्याच्या १३ वर्षे आधी! पण जोतीरावांनी माती आणि भटशाही, माती आणि सरकारी खाते वेगवेगळे केले नाहीत. हे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

पत्रक वाचता येणारे फार थोडे होते. तेव्हा कार्व्हर यांनी शाळाच चाकांवर चढवली. न्यू यॉर्कच्या मॉरिस जेसप या धनिकाच्या मदतीने १९०६ साली एक घोडागाडी तयार झाली. तिच्यात अवजारे, बियाणे, लोणी घुसळण्याची साधने. ती गावोगाव जाई, झाडाखाली उभी राही, माणसे जमत आणि तिथेच प्रात्यक्षिक होई. पुरुषांना नांगरट आणि खत, बायांना भाज्या वाळवणे, टिकवणे, रांधणे. टस्कीगीत शेतकऱ्यांच्या सभा भरत, तिथे कार्व्हर शिकवत. शास्त्र जनतेपर्यंत नेण्याचे इतके थेट काम त्या काळात फार थोड्यांनी केले असेल.

मग कापसावर बोंडअळीचा भुंगेरा आला. १८९२ च्या सुमारास तो टेक्सासात शिरला आणि १९१० च्या आसपास अलाबामात पोहोचला. कापूस बसला. कार्व्हर आधीपासून सांगत होते त्या भुईमुगाकडे आता लोक वळले. १९१६ साली त्यांनी भुईमूग पिकवण्यावर आणि त्याच्या १०५ खाद्यप्रकारांवर पत्रक काढले. पुढे त्यांच्या नावावर सुमारे तीनशे वस्तूंची यादी लागली. इथे भाबडेपणा नको. त्या यादीतल्या पुष्कळ वस्तू आधीच माहीत होत्या, अनेक बाजारात कधी आल्या नाहीत आणि शेंगदाण्याचे लोणी हा त्यांचा शोध नव्हे. त्यांनी आयुष्यात पेटंटे घेतली ती तीनच. त्यांचा मोठेपणा यादीच्या लांबीत नाही. चवळी आणि भुईमूग त्यांनी निवडले ते आधी मातीसाठी आणि उपाशी पोटासाठी. वस्तू नंतर आल्या, पीक विकले जावे म्हणून.

१९२१ साली आयात शेंगदाण्यावर कर बसवावा म्हणून व्यापाऱ्यांच्या वतीने ते अमेरिकन संसदेच्या समितीपुढे उभे राहिले. त्यांना दहा मिनिटे दिली होती. एका सदस्याने काळ्यांची टिंगल करणारा शेराही मारला. कार्व्हर चिडले नाहीत, एकेक वस्तू टेबलावर मांडत गेले. समितीने वेळ वाढवत नेला. १९२२ च्या कायद्यात तो कर आला. त्या भाषणाने ते देशभर प्रसिद्ध झाले. १९२३ साली काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे स्पिन्गार्न पदक त्यांना मिळाले. प्रसिद्धी आली तरी राहणी बदलली नाही. तोच जुना ठिगळाचा कोट, कोटाला रोज ताजे फूल, पहाटे उठून रानात फेरफटका. पगारवाढीची त्यांना फिकीर नव्हती. साठवलेले सुमारे ६०,००० डॉलर त्यांनी अखेरीस टस्कीगीतच संशोधनासाठी संस्था उभारायला दिले. १९४२ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, युद्धकाळात रानभाज्या कशा ओळखाव्या आणि खाव्या यावर त्यांचे पत्रक निघाले. गरिबाच्या ताटाची चिंता शेवटपर्यंत सुटली नाही.

कार्व्हर देवभोळे होते. आपले ज्ञान ईश्वराकडून येते असे ते सांगत आणि १९२४ साली एका मोठ्या वृत्तपत्राने त्यावरून त्यांच्यावर टीकाही केली. आम्ही बौद्ध आहोत, हा भाग आम्ही स्वीकारू शकत नाही. पण त्यांची रोजची रीत पाहिली तर ती पारखून घेण्याची होती. सांगोवांगीवर विसंबायचे नाही, वाफ्यात लावून पाहायचे, तोलून पाहायचे, मग सांगायचे. तथागतांनी कालामांना हाच मार्ग सांगितला होता.

आता तो प्रश्न. कार्व्हर राजकारणावर बोलत नसत. फोर्ट स्कॉटचे दृश्य डोळ्यांत असलेला हा माणूस झुंडबळींविरुद्धच्या लढ्यात पुढे दिसत नाही. ज्या बुकर टी. वॉशिंग्टन यांनी त्यांना बोलावले त्यांनी १८९५ साली अटलांटाच्या भाषणात सांगितले होते की आधी कामात प्रावीण्य मिळवू, राजकीय हक्कांचे पुढे पाहू. विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी १९०३ साली या धोरणावर कडक टीका केली. मताधिकार आणि कायद्याचे संरक्षण नसेल तर कमावलेले राखणार कसे, हा त्यांचा मुद्दा. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यू यॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते. त्याच काळात, १९१५ साली, वॉशिंग्टन वारले. बाबासाहेबांनी पुढे १९४६ साली पत्र लिहिले ते ड्युबॉइस यांना. त्यांचा मार्ग कोणता होता हे यावरून समजते.

बटईदाराच्या बाजूने विचार करा. तो पाला वाहतो, गाळ वाहतो, घळी भरतो, चवळी गाडतो. तीन-चार वर्षांनी माती सुधारते. सुधारलेली माती कोणाची? मालकाची. करारच वर्षाचा. मालक वाटा वाढवू शकतो, किंवा त्याला उठवून दुसऱ्याला बसवू शकतो. ज्याला पुढच्या वर्षी इथे असू की नाही हे ठाऊक नाही, तो मातीत जीव ओतणार कसा? कार्व्हर यांच्या शास्त्राला इथे कुंपण लागले आणि ते कुंपण कायद्याचे होते. आकडेच पाहा. १९२० साली अमेरिकेत शेती कसणारे सुमारे सव्वानऊ लाख काळे शेतकरी होते. १९९७ च्या शेती गणनेत ते वीस हजारांहूनही कमी उरले. कर्ज देताना सरकारी शेती खाते रंग पाहते, हा दावा घेऊन काळे शेतकरी न्यायालयात गेले आणि पिगफोर्ड खटल्यात १९९९ साली तडजोडीने भरपाई कबूल करून घ्यावी लागली. जगातले उत्तम खत त्यांना माहीत होते. कागद त्यांच्या हाती नव्हता.

म्हणूनच बाबासाहेबांनी सुरुवात कागदापासून केली. १९१८ साली त्यांनी लहान धारणक्षेत्रांवर अर्थशास्त्रीय निबंध लिहिला. महार वतनाच्या बेड्या त्यांनी विधिमंडळात उघड्या केल्या. १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, १० जानेवारी १९३८ रोजी मुंबईत शेतकऱ्यांचा मोर्चा नेला. १९४७ साली शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती जातपात न पाहता कसणाऱ्यांना द्यावी अशी योजना घटना समितीसाठी लिहून दिली. पुढे कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला आणि हजारो लोक तुरुंगात गेले.

त्या लढ्यांतून गायरानावर आपल्या लोकांनी पाय रोवले. आम्ही वकील म्हणून ही प्रकरणे पाहतो. दगडधोंड्यांची, मुरमाड, कोणाला नको असलेली जमीन. आपल्या बायाबापड्यांनी धोंडे वेचले, बांध घातले, तळ्याचा गाळ डोक्यावरून आणला, शेण टाकले. दहा-वीस वर्षांत तिथे तूर आणि बाजरी डोलू लागली. आणि तेव्हा गावाला आठवले की ही जमीन गावाची आहे! १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरवले. पण नावावर होण्यासाठी किती जण अजून तहसीलचे उंबरे झिजवत आहेत. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या जमिनींचा अपवाद आहे. निकालाचा पहिला भाग सर्वांना पाठ असतो, दुसरा आपणच पाठ करायला हवा.

तेव्हा कार्व्हर यांच्या स्मृतिदिनी दोन कामे करू. पहिले मातीचे. परसात, गच्चीवर, फुटक्या बादलीत, गोणपाटात का होईना, पाला-शेण-खरकट्याचा एक थर लावू आणि आपल्या मुलांच्या ताटात स्वतःच्या खताची भाजी घालू. दुसरे कागदाचे. जमीन कसता ना? मग पीकपाहणीत नाव आहे का पाहा, गाव नमुना एक-ईची नक्कल काढा, दंडाची प्रत्येक पावती जपून ठेवा, पंचनामा झाला की प्रत मागून घ्या. पावती फाडणारा तलाठी तुमचा कब्जाच लिहून देत असतो. एका पेटीत हे सारे ठेवा आणि घरातल्या शिकलेल्या पोरीला त्याचा अर्थ समजावून सांगा.

कार्व्हर यांनी मातीला जीव दिला. बाबासाहेबांनी माती कसणाऱ्याला हक्काची जाणीव दिली. खताविना सातबारा म्हणजे नापीक तुकडा आणि सातबाऱ्याविना खत म्हणजे मालकाची भर. आपल्याला दोन्ही हवे आहे. कारण आपण घडवलेली माती आता दुसऱ्याच्या नावे होऊ देणार नाही.

जय भीम!